जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देणाऱ्यांनो, स्लॅश बूटला जागा ठेवा

मुंबईत शाळा, अभ्यासिका, मंडळं, वाचनालयं इथल्या जुन्या कंप्युटरांवर फुकटात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून देणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

नमस्कार. मी परळला एका मंडळाची अभ्यासिका सांभाळते, म्हणजे दिवसा फोर्टात नोकरी आणि संध्याकाळी सात ते दहा इथे. आठ मशीन आहेत, सगळी कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून उतरवलेली. २०१९ साली तुमच्यासारख्याच काही मुलांनी सलग दोन रविवार बसून त्यांच्यावर लिनक्स टाकून दिलं होतं, डब्बा पण आपला आपण आणला होता, एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून पोलीस भरती, एमपीएससी, बारावी, सीए अशी किती पोरं या मशीनवर बसून गेली त्याची गणती नाही, आणि त्याबद्दल मनापासून आभार आहेत, हे आधी सांगते कारण पुढे जे लिहिणारेय ते तक्रारीसारखं वाटेल आणि ते तसं आहेही.

विषय स्लॅश बूटचा आहे, ते छोटं पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलींसाठी डिस्कचा वेगळा काढलेला भाग.

जानेवारीतली गोष्ट. एका मुलाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे सव्वानऊ, फोटो आणि सही स्कॅन करून झालेली, फक्त फी भरायची बाकी आणि तेवढ्यात वीज गेली. दोन मिनिटांत आली, पण तीन नंबरचं मशीन परत चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, आणि पुढे काही नाही. तो मुलगा माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. मग त्याला पाच नंबरवर बसवला, फोटो पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचला, अकराला दहा कमी असताना फॉर्म गेला. त्याची आई खाली गेटपाशी उभी होती. वीज गेल्यामुळे डिस्क गेली असंच सगळ्यांना वाटलं आणि मलाही त्या रात्री तेच वाटलं, पण डिस्क अगदी ठणठणीत होती. वीज गेल्यामुळे मशीन फक्त कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा रीस्टार्ट झालं होतं, बिघाड त्याच्या आधीच होऊन बसला होता.

झालं असं होतं की अपडेटमधून नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला, त्याची मुख्य फाइल स्लॅश बूटमध्ये उतरली, आणि मग त्याचा इनिटरॅमएफएस बनवायला जागाच उरली नाही. ज्यांना हा शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी, मशीन सुरू होताना खरी डिस्क उघडायच्या आधी लागणारे ड्रायव्हर आणि बारीकसारीक प्रोग्राम एका फाइलीत बांधून ठेवलेले असतात ती ही फाइल, कर्नलच्या मुख्य फाइलीपेक्षा कितीतरी मोठी. ती बनली नाही. मधे कुठल्यातरी दुसऱ्या अपडेटने ग्रबची, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी ताजी केली आणि नवा अर्धवट कर्नल यादीत सगळ्यात वर जाऊन बसला. रीस्टार्ट केल्यावर मशीनने तोच उचलला, त्याला डिस्कच दिसली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रबचा मेनू आणून ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधून जुना कर्नल निवडला तर मशीन अर्ध्या मिनिटात चालू! एवढंच करायचं होतं त्या रात्री, पण असा मेनू असतो हेच इथे कुणाला माहीत नव्हतं आणि मेनू दिसू नये अशी सेटिंग होती, जुन्या बायोसच्या मशीनला शिफ्ट दाबून धरावं लागतं आणि यूईएफआयवाल्याला, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या मशीनला, एस्केप.

मग मी उरलेली सात मशीन एकेक करून बघितली. चारांचं स्लॅश बूट गच्च भरलेलं, शंभर टक्के. एकाचं ९४ टक्के. आणि त्या चारांवर शेवटचं अपडेट कधी नीट पूर्ण झालं हे लॉगमध्ये शोधलं तर एकावर सात महिने, एकावर अकरा महिने काहीच आलेलं नाही. नुसता कर्नल नाही, काहीच नाही! कारण एक पॅकेज अर्धवट अडकलं आणि दुसरं त्याच्यावर अवलंबून असलं की ॲप्ट, म्हणजे प्रोग्राम टाकणारं-काढणारं साधन, बऱ्याचदा पुढचं काही घ्यायलाच तयार होत नाही, आधी हे निस्तर म्हणतं. म्हणजे ब्राउजरही जुना. आणि या मशीनवर पोरं आधार नंबर टाकतात, बापाच्या खात्यातून फी भरतात, ओटीपी येतो तो टाकतात. हे मला जास्त लागलं. फॉर्म त्या दिवशी गेला, पण अकरा महिने ही मशीन उघड्या दाराची होती आणि ती मीच रोज संध्याकाळी चालू करून पोरांना देत होते.

आता जागा भरते कशी, ते मला समजलं तसं सांगते, कारण तुमच्यातल्याही काहीजणांना इन्स्टॉल येतं पण हे हिशोबात धरलेलं नसतं असं दिसतं. घरात आपण दोन सिलिंडर ठेवतो, एक शेगडीला लावलेला आणि एक भरलेला बाजूला. नवीन घेऊन माणूस आला की रिकामा तोच उचलून नेतो, म्हणून दोनाचीच जागा पुरते. कर्नलचं तसं नाही. चालू कर्नल काढायचा नसतो, नव्यात काही गडबड निघाली तर हाताशी असावा म्हणून आणखी एक जुना ठेवतात आणि तो ठेवायलाच पाहिजे, त्याच्याच जिवावर आमचं तीन नंबर उठलं. आणि नवा जो येतो तो आधी घरात येतो, लागतो, मग कुठे जुन्याला हलवायचा विचार होतो. म्हणजे दोन ठेवायचे असले तरी तिनाची जागा लागते. वर आणखी, इनिटरॅमएफएस परत बनवताना आधीची फाइल तशीच ठेवून शेजारी डॉट न्यू नावाची नवी बनते आणि पूर्ण झाल्यावर जुन्याच्या जागी जाते, म्हणजे तेवढ्या वेळापुरती अजून एकाची जागा. आमच्या त्या पार्टिशनला होते अडीचशे एमबीच्याही आत. एका कर्नलचं सगळं मिळून सत्तरएक एमबी. करा हिशोब.

२०१९ ला तो हिशोब बसत होता, हे मला मान्य आहे. तेव्हा इन्स्टॉलर आपोआप पार्टिशन पाडायचा तो साधारण एवढंच द्यायचा आणि तुम्ही नेक्स्ट नेक्स्ट केलंत त्यात काही वाईट हेतू नव्हता. पण तेव्हापासून फर्मवेअर वाढलं, ग्राफिक्स कार्डांचं तर फारच, कर्नल वाढला. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचं १३ वं व्हर्जन आलं २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या रिलीज नोट्समध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलंय की अपग्रेड करण्याआधी स्लॅश बूट कमीत कमी ७६८ एमबीचं असू दे आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळं असू दे, आणि डेबियन १० किंवा त्याआधीपासूनचं मशीन असेल तर अडचण येण्याची शक्यता फार. म्हणजे मोकळी जागा जेवढी मागतायत तेवढं आमचं अख्खं पार्टिशन नाही.

आणि मला सगळ्यात जास्त विचारायचं आहे ते हे, की आमच्या मशीनला वेगळं स्लॅश बूट मुळात हवं कशाला होतं? डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासफ्रेजशिवाय वाचता येऊ नये अशी, केली असेल तर समजू शकते, पासफ्रेज टाकून डिस्क उघडायच्या आधी ग्रबला कर्नल कुठूनतरी वाचावा लागतो, तो उघड्या पार्टिशनवर ठेवतात. फार पूर्वी बायोसला डिस्कचा सुरुवातीचाच भाग वाचता यायचा म्हणूनही वेगळं काढायचे. आमची आठातली सात मशीन एन्क्रिप्टेड नाहीत आणि बायोसची ती अडचणही आता राहिलेली नाही. तिथे नुसता एलव्हीएम (डिस्कचे भाग नंतर लहानमोठे करता यावेत म्हणूनचा पर्याय) टिक केला म्हणून इन्स्टॉलरने वेगळं स्लॅश बूट पाडलं. ३२० जीबीची डिस्क, त्यातली २७० रिकामी पडलेली आणि मशीन बंद पडतं अडीचशे एमबी भरले म्हणून. मी आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींना हे समजावायला गेले तर त्यांचा विश्वासच बसेना, म्हणाले अगं एवढी जागा आहे ना मग त्यातली दे की थोडी. त्यांचं काय चुकलं सांगा. यूईएफआयच्या मशीनवर ते दुसरं एक लहान पार्टिशन असतं ते मात्र लागतंच, त्याला हात लावू नका, त्याच्याबद्दल मी बोलत नाहीये.

बरं, भरलं तर भरलं, मशीनने सांगितलं नाही का? सांगितलं. कोपऱ्यात बूटवर जागा कमी आहे अशी चौकट यायची, इंग्रजीत, पोरं ती बंद करून पुढे जायची, मी पण एकदा बंद केल्याचं मला आठवतंय. अपडेट करताना लाल अक्षरांत नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस आलं असणार, पण ते बघायला अपडेट हाताने करावं लागतं आणि त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो पासवर्ड आमच्याकडे नव्हता. तो तुमच्याकडे होता. पोरांनी उगाच काही उचकटू नये म्हणून तुम्ही तो दिला नाहीत, काळजीपोटीच, पण तुमच्यातला एक पुण्याला गेला, एक जर्मनीत आहे, एकाचा नंबर बदलला. साडेसहा वर्षं आमची मशीन ज्या किल्लीने उघडतात ती किल्ली मुंबईतच नव्हती. मी शेवटी रिकव्हरी मोडमधून जाऊन एकेकाचा पासवर्ड बदलला, ते शिकायलाच मला दोन आठवडे गेले. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे मराठीतले व्हिडिओ आहेत त्यावरून टर्मिनल शिकले, बाकी मॅन्युअल वाचून. ज्यांना शिकायचंय त्यांना ते व्हिडिओ जरूर दाखवा, कमांड काय करते ते आपल्या भाषेत ऐकलं की भीती जाते.

साफ कसं केलं तेही लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. पहिलं, टर्मिनलमध्ये यूनेम आर ही कमांड टाकून चालू कर्नल कुठला ते कागदावर लिहून घ्या, कारण तो सोडून बाकीच्यांनाच हात लावायचा. मग नुसतं ॲप्ट ऑटोरिमूव्ह चालवून बघा, नशीब असेल तर तिथेच काम होतं. आमच्याकडे झालं नाही, अर्धवट पॅकेजमुळे तेच अडलं, काढायलाही जागा हवी अशी परिस्थिती. तेव्हा सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएसची फाइल तेवढी होम फोल्डरमध्ये हलवली, डिलिट केली नाही, हलवली. तेवढी जागा झाली की ॲप्टला अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला सांगितलं, ते झालं, मग जुने कर्नल पॅकेज म्हणून पर्ज केले, म्हणजे मुळापासून काढले, नुसत्या फाइली उडवून नाही. हे महत्त्वाचं आहे. फाइली हाताने उडवल्या तरी सिस्टिमच्या नोंदीत तो कर्नल असतोच आणि कधीतरी ती त्याचा इनिटरॅमएफएस परत बनवून ठेवते, पुन्हा तेच. दोन मशीनवर ओल्ड डीकेएमएस अशा शेपटीच्या फाइली सापडल्या, त्या ड्रायव्हरच्या भानगडीत बनलेल्या जुन्या प्रती, त्यांना ऑटोरिमूव्ह हात लावत नाही, त्या मात्र हातानेच काढाव्या लागल्या. आणि एका मशीनवर कुणीतरी कर्नल नंबर टाकून स्वतः इन्स्टॉल केलेला होता, तो मॅन्युअल म्हणून नोंदलेला त्यामुळे कितीही ऑटोरिमूव्ह करा तो हलत नाही, वर्षानुवर्षं तसाच.

पण हे सगळं करून जागा झाली तरी पार्टिशन तेवढंच. म्हणून पाच मशीनवर मी वेगळं स्लॅश बूट काढूनच टाकलं, आधी त्यातलं सगळं कॉपी करून मुख्य डिस्कवर ठेवलं, एफएसटॅबमधली, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीतली, ओळ काढली, मग ग्रब इन्स्टॉल आणि अपडेट ग्रब दोन्ही चालवलं, नुसतं दुसरं पुरत नाही कारण ग्रबला जुन्या पार्टिशनचा पत्ता पाठ असतो. बॅकअप घेऊन केलं. पहिल्या मशीनला तीन तास लागले, पाचव्याला वीस मिनिटं.

नेटवर एक उपाय सर्रास सांगतात, इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स मोस्टच्या जागी डेप करा, म्हणजे त्या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर भरले जातात आणि फाइल निम्म्याहून लहान होते. खरंय, होते. पण आपल्याकडे काय चालतं बघा, एकाचा मदरबोर्ड गेला की त्याची डिस्क काढून दुसऱ्यात, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड बोर्ड आणला की त्याला तीच जुनी डिस्क. डेप केलेली डिस्क दुसऱ्या बोर्डावर उठेलच असं नाही, आणि उठली नाही तर ज्याने सेटिंग बदललं त्याच्याशिवाय कुणाला कारण कळणार नाही. दान आलेल्या मशीनवर हे करू नका असं माझं मत आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल करा.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपपासून नवीन प्रोसेसरपर्यंत सगळं लागतं, त्यामुळे ऑफिसांमधून चांगली चालती मशीन बाहेर निघतायत. आमच्याच मंडळाला दोन महिन्यांत दोन ठिकाणाहून विचारणा आली. ही मशीन शाळांत, अभ्यासिकांत जाणार, लिनक्स तुम्हीच टाकणार, आणि तुमच्यासाठी ती एका रविवारची गोष्ट असली तरी इथे ती पुढची सहा-सात वर्षं चालतात.

म्हणून मागणं असं आहे. एन्क्रिप्शन नसेल तर वेगळं स्लॅश बूट पाडूच नका. लॅपटॉप असेल, चोरीची भीती असेल, एन्क्रिप्शन हवंच असेल तर इन्स्टॉलर काय सुचवतो ते न घेता स्वतः हाताने २ जीबी द्या, ३२० जीबीच्या डिस्कला ते जाणवतही नाही. जुने कर्नल आपोआप निघतात की नाही हे घरी जायच्या आधी तपासा, लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांवर आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड अपग्रेड्समध्ये त्याची ओळ असते, मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ऑटोमेशनमध्ये टिक करावी लागते, फेडोरात तीनच ठेवायची मर्यादा आधीपासून असते. ग्रबचा मेनू लपवू नका, पाच सेकंद दिसू दे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि पासवर्ड तिथल्या एका माणसाला द्या. शिपाई असो, ग्रंथपाल असो, माझ्यासारखी कुणी संध्याकाळी बसणारी बाई असो, तिला बाजूला बसवून एकदा जुना कर्नल निवडून मशीन चालू करून दाखवा आणि एकदा जागा कशी बघायची ते दाखवा. पाऊण तास लागेल. आम्हाला जमतं ते.

आणि वर्षातून दोनदा या. गणपतीच्या आधी आणि परीक्षांच्या आधी, एवढं बास. नाहीच जमलं तर फोनवर तरी असा.

मी एक पान लिहून आठही मशीनच्या बाजूला भिंतीवर चिकटवलंय, मराठीत, मोठ्या अक्षरात, काळी स्क्रीन आली तर काय करायचं, बूटवर जागा कमी आहे अशी चौकट आली तर बंद न करता कुणाला सांगायचं. ते ज्याला हवं असेल त्याला देते, आपापल्या डिस्ट्रोप्रमाणे, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराप्रमाणे, बदलून घ्या. रविवारी दहा ते एक मी अभ्यासिकेत असते, नवीन मशीन लावायची असतील आणि कुणाला आधी हे हाताने करून बघायचं असेल तर या, आमच्या एका मशीनवर करून बघता येईल.

सात नंबर तेवढं राहिलंय. त्याची डिस्क एन्क्रिप्टेड आहे, पासफ्रेज आम्हाला माहितीये त्यामुळे ते चालू होतं, पण बायोसला आणि ग्रबला तुमच्यातल्या कुणीतरी वेगळा पासवर्ड लावलाय त्यामुळे मला पुढे जाता येत नाही, आणि त्याचं स्लॅश बूट ९४ टक्क्यांवर आहे. ते मी सध्या नेटवरून काढून नुसतं पीडीएफ वाचायला ठेवलंय. २०१९ ला परळला आलेल्यांपैकी हे कुणी वाचत असेल तर तो पासवर्ड तेवढा कळवा.

तुमची,
परळच्या अभ्यासिकेतली ताई